नाथसागराच्या काठानं: सासूबाई माळकरी, आम्ही मासेखाऊ. जेवायचं कुठं?

लातूरची_लेक
मंडळी, डिसेंबरच्या शेवटी गाडी करून निघतोय. लातूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत पैठण. नाथांची समाधी, जायकवाडी धरण आणि त्याचा जलाशय नाथसागर, जमलं तर पक्षी. दुसऱ्या दिवशी कायगाव टोका, आणि सासूबाईंची फार दिवसांची इच्छा म्हणून सरला बेट. सोबत सासू-सासरे, दीर आणि आमची दोन लेकरं.

अडचण जेवणाची आहे. सासूबाई माळकरी. मासळी शिजते त्या जागी बसणारसुद्धा नाहीत. दीर म्हणतो, नाथसागराची मासळी न खाता परत येणं म्हणजे पाप. नवरा म्हणतो, मॅपवर तारे बघून थांबू. मागच्या सहलीत असेच भरपूर तारे बघून एका ठिकाणी थांबलो होतो. तिथं 'गावरान थाळी' म्हणून फ्रीजमधलं पनीर आणि मैद्याची रोटी आली, तीही पाऊण तासानं. म्हणून इथं विचारतेय.

आणि हो, नाथसागरात बेटं आहेत म्हणतात. तिथं नावेनं जाऊन जेवायची काही सोय आहे का? लेकरांना फार कौतुक आहे.

नाथनगरी
ताई, शेवटून सुरू करतो. नाथसागरात झाडं असलेली बेटं आहेत, पण ती पक्ष्यांची. १९८६ पासून हे सगळं जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. बेटावर ना खानावळ, ना चहाची टपरी, आणि नसलेलीच बरी. लेकरांना पहाटे काठावर उभं करा, थंडीत रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं काठावरूनच दिसतात. दुर्बीण विसरू नका.

पैठणमध्ये देवळाच्या बाजूला शाकाहारी जेवण सहज मिळतं, रोजच वारकरी येतात. फक्त नाथषष्ठीच्या आसपास येऊ नका. फाल्गुन वद्य षष्ठीला गावात पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही डिसेंबरात येताय, चिंता नाही.

सासूबाईंना दर्शन झाल्यावर तिथंच जेवू घाला. मासळीचं नंतर बघू.

गड्याराजा_बीड
>> मासळीचं नंतर बघू
नाथनगरीकरांनी नेहमीसारखं मासळीला कलटी मारली :)

वार बघून या, अक्का. आपल्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार निम्मं गाव खात नाही. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे बायकांची पूजा, घरात अंडंसुद्धा फुटत नाही. त्या दिवशी काठावरच्या ढाब्यावर मासळी मागितली तर मिळेल, पण कधीची मिळेल ते विचारू नका. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी माल खपतो म्हणून ताजा असतो. हे गणित मटणालाही लागू, कोंबडीलाही. श्रावणात तर अर्ध्या ढाब्यांच्या चुली थंड असतात, आणि त्याआधी आखाडात उभं राहायला जागा नाही.

लातूरची_लेक
वाराचं डोक्यातच नव्हतं. आम्ही शनिवारी पैठण, रविवारी टोका असं धरलंय. म्हणजे जमतंय की!

पाण्याकाठचा
मी काठावरचाच. आमच्याकडं तीन पिढ्या जाळं टाकतात, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे, ढाब्यावर जाऊन 'फिश आहे का' असं विचारू नका. 'आज कोणती आहे' असं विचारा. दोन्हीची उत्तरं वेगळी येतात. संध्याकाळी जाळी टाकतात, पहाटे उचलतात. नऊ-दहापर्यंत मासळी काठावर येते, तिथून ढाब्यावर. दुपारच्या जेवणाला गेलात तर सकाळची मिळेल. रात्री नऊला गेलात तर सकाळचीच, पण बर्फातली. कडक थंडीत मासळी सुस्त असते, जाळ्याला कमी लागते. तेव्हा मोठी मासळी हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठेवा.

आता काय खावं. कटला वरच्या पाण्यात चरते, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून मृगळेला चिखलाचा वास जास्त. हळद-मीठ आणि चिंचेच्या कोळात बराच वेळ ठेवली तरच जातो, आणि घाईच्या ठिकाणी तेवढा वेळ कोण देतो? रोहू-कटला खायची तर मोठ्या माशाचा तुकडा मागा. लहान रोहूत दुतोंडी बारीक काटे असतात, लेकरांच्या घशात जातात. मोठ्या माशात तेच काटे बोटाला लागतात, काढता येतात. लेकरांना चिलापी द्या. गाभ्यात बारीक काटे नाहीत, कडेचे दिसतात. आमचे जुने लोक चिलापीला नाव ठेवतात, कारण ती बाहेरून आली आणि सगळीकडं पसरली. पण तव्यावर कुरकुरीत केलेली चिलापी लेकरं आवडीनं खातात, हे मान्य करायला पाहिजे.

दिराला मरळ किंवा वाम खाऊ घाला. मरळ महाग, पण काटा कमी आणि मांस घट्ट. वाम रश्श्यातच चांगली. दोन्ही रोज मिळत नाहीत. मेनूकार्डावर रोज 'मरळ फ्राय' छापलेलं असेल तर शंका घ्या.

आणि सुरमई-पापलेट मागू नका हो. धरणाच्या काठावर बसून समुद्राची मासळी मागणारे बघितले की हसावं का रडावं कळत नाही. ती मुंबईहून बर्फात आलेली असते, आणि किती दिवस झाले ते तिलाच माहीत.

खडा_मसाला
पाण्याकाठचे भाऊ, माहिती एक नंबर. पण मला एक सांगा, हल्ली या ढाब्यांवर रस्सा सगळीकडं सारखाच का लागतो? पैठण असो, टोका असो, तोच लाल तर्रीचा पाट आणि वर कोथिंबीर. आमच्या आजीचा काळ्या मसाल्याचा, खोबरं आणि कांदा भाजून वाटलेला पातळ रस्सा कुठं गेला? पाकिटातला मसाला टाकायचा आणि पाटीवर 'चुलीवरचं गावरान' लिहायचं. चूल दारात शोभेला, आत सिलिंडर.

पाण्याकाठचा
खरं आहे. गाडीवाला गिऱ्हाईक लाल रंग बघून खूश होतो. साधा रस्सा दिला तर 'पाणी दिलंय' म्हणतो. दोष दोघांचा.

चूल_आणि_परात
मला इथं बोलावंच लागेल. माझी मावशी एका खानावळीत भाकरी टाकते. गाव छोटं, हमरस्त्यापासून आत, नाव सांगत नाही. 'चूल शोभेला' वगैरे वाचून जरा राग आला.

छोट्या गावातल्या खानावळीचं कसं असतं ते समजून घ्या. स्वयंपाक एका बाईच्या हातावर चालतो. सकाळी किती पीठ मळायचं, किती वाटण वाटायचं, याचा अंदाज ती रोजच्या गिऱ्हाइकावरून बांधते. शिक्षक, बँकेतले, एखादा औषधविक्रीचा प्रतिनिधी, ट्रकवाले. त्यात दीड वाजता अचानक सात-आठ माणसांची गाडी येते आणि सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी मागते. एकाला पनीर, एकाला शेवभाजी, एकाला 'काहीतरी झणझणीत', लेकराला नूडल्स. मग ती बाई काय करणार? पाकीट फोडणार. तुम्हीच तिला पाकीट फोडायला लावता आणि इथं येऊन 'गावरान राहिलं नाही' म्हणता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जायच्या आधी फोन करा, आणि मेनू सांगू नका, विचारा. 'आज घरी काय केलंय?' त्या दिवशी पातळ पिठलं असेल, अंबाडीची भाजी असेल, हुलग्याचे शेंगोळे असतील, येसराची आमटी असेल. तेच खा. जे त्या घरातली माणसं खातात ते कधी वाईट नसतं. भाकऱ्या किती लागतील ते बसल्या-बसल्या सांगा, निम्म्या जेवणात नको. एक भाकरी थापून, तव्यावर उलटून, निखाऱ्यावर फुगवून यायला वेळ लागतो. अकरा ते दोन आणि संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ भाकरीवाली असते. तीन वाजता गेलात तर चपाती नाहीतर भात.

लातूरच्या ताई, तुम्ही पैठण-गंगापूर पट्ट्यात येताय तेव्हा थंडी असेल. ज्वारीची मागू नका, बाजरीची खा. वर लोणी मागा. लाजायचं नाही.

खडा_मसाला
परातताई, तुमच्या मावशीला उद्देशून नव्हतं ते. पण पाटी लावणारे आणि करणारे वेगळे असतात, यावर मी ठाम आहे.

चूल_आणि_परात
ते मलाही मान्य. मावशीच्या खानावळीला पाटीच नाही.

उत्तरेश्वर
नुसता वाचक होतो, पण एक मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितोय. बायका-लेकरं सोबत असतील तर चवीच्या आधी संडास बघा. काठावरच्या बऱ्याच ढाब्यांवर संध्याकाळनंतर पिणाऱ्यांची गर्दी होते. 'फॅमिली' म्हणून पडदा लावलेली पत्र्याची खोली देतात, त्यात ना हवा ना उजेड. दुपारी जा, अंगणातल्या झाडाखाली बसा.

लातूरची_लेक
उत्तरेश्वर भाऊ, शंभर टक्के. हे फक्त बाया लिहितात असं वाटायचं.

आणि एक गोष्ट मीच स्पष्ट करते. वर सगळे 'दिराला खाऊ घाला' म्हणताय. मासे मला पण खायचेत! नवऱ्यापेक्षा मला जास्त आवडतात. बाई म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका.

गड्याराजा_बीड
माफी असावी अक्का. मरळ तुम्हाला, मृगळ दिराला.

वैजापूरचा_वारकरी
सासूबाईंसाठी लिहितो. मी स्वतः माळकरी, त्यामुळे त्यांची अडचण कळते. नुसता पदार्थ शाकाहारी असून भागत नाही. कढईतलं तेल तेच, झारा तोच, तवा तोच असतो. 'आमच्याकडं व्हेज वेगळं' असं सगळेच म्हणतात. विचारायचं तर असं विचारा, 'मासळी तळता त्या तेलात भजी तळता का?' उत्तर द्यायला अडखळला की उठा. एकादशी आली तर प्रश्नच मिटला, साबुदाणा-भगर कुठंही मिळते.

आता सरला बेटाबद्दल. वैजापूर-श्रीरामपूरच्या हद्दीवर गोदावरीच्या पात्रात हे बेट आहे. गंगागिरी महाराजांचं स्थान. तिथं 'हॉटेलात काय मिळतं' असा विचार घेऊन येऊ नका. त्यांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी श्रावणात होतो, पण बेटावरच होतो असं नाही, दरवर्षी वेगळ्या गावाला मान मिळतो. पंगतीला आमटी-भाकरी. आमटी तिथं मोठाल्या कढयांत शिजते, पण भाकरी मात्र आजूबाजूच्या गावांतून घरोघरी भाजून येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून. एका घरची जाड, एका घरची पातळ, कुठं ज्वारी, कुठं बाजरी, आणि कुणाच्या वाट्याला कुणाची येईल ते सांगता येत नाही. लाखो माणसं जेवतात आणि 'मीठ कमी आहे' म्हणणारा मला अजून भेटायचाय.

तुम्ही डिसेंबरात येताय, तेव्हा सप्ताह नाही. दर्शन घ्या, नदी बघा, निवांत बसा. जेवण वैजापूर किंवा श्रीरामपूरला करा, नाहीतर दशम्या-धपाटे सोबत आणा. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस टिकते, आणि सासूबाईंना त्याहून भरवशाचं काय मिळणार?

नाथनगरी
दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. लातूरकरांना आम्ही काय सांगावं.

परभणीचा_पाहुणा
विषय थोडा लांब नेतो. लेकरांना बेटावर जेवायचंच असेल तर एकदा घारापुरीला न्या. आम्ही गेलो होतो. गेटवेहून लाँचनं तासाभराचा रस्ता. सगळे लेणी बघून, पायऱ्यांवरच्या दुकानात वेफर खाऊन परत फिरतात. पण बेटावर गावं आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मुंबईच्या नाकासमोर असून वीज आली २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर रात्री काही तास जनरेटर. मासळी ठेवायला फ्रीज कुठला, आज आणलेली आज संपवायची.

आम्हाला लाँचवरच एका काकांनी सांगितलं की वर लेणी बघायला जातानाच जेवण सांगून जा, उतरेपर्यंत तयार होतं. सांगितलं. भात, बोंबील, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आमच्या वडिलांनी तांदळाची भाकरी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि 'ही आजाऱ्याची का?' म्हणून विचारलं. वाढणाऱ्या बाई हसून बेजार.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून जेवणाचंही खरं नाही. आणि परतीची शेवटची लाँच संध्याकाळी लवकर असते, त्यामुळं तिथं 'रात्रीचं जेवण' पर्यटकाच्या वाट्याला येतच नाही. परातताईंनी सांगितलं तेच तिथंही खरं, आधी सांगा आणि जे आहे ते खा. बेटावर तर पर्यायच नाही. बाजार पाण्यापलीकडं. कोथिंबीर संपली तर संपली.

चूल_आणि_परात
'ही आजाऱ्याची का' हे मावशीला वाचून दाखवलं. म्हणाली, बरोबरच विचारलं त्यांनी.

लातूरची_लेक
घारापुरी पुढच्या सुट्टीत नक्की. पण आत्ताचं जुळवू द्या. असं ठरवतेय: शनिवारी पैठण, दर्शनानंतर देवळाजवळ सगळ्यांचं शाकाहारी जेवण. रविवारी सकाळी निघून टोका. तिथं सिद्धेश्वराचं देऊळ आहे ना? सासू-सासरे देवळात आणि घाटावर बसतील, दशम्या तिथंच खातील, आणि आम्ही चौघं-पाचजण मासळी खाऊन येऊ. मग सरला बेट. कसं वाटतं?

पाण्याकाठचा
टोका चांगलं निवडलं. प्रवरा आणि गोदावरीचा संगम, आणि धरण भरलेलं असलं की नाथसागराचं फुगलेलं पाणी तिथवर येतं. देऊळ पेशवाईतलं, दगडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. पैठणहून सरळ नाही जाता येत, पाण्याला वळसा घालावा लागतो, शेवगाव-नेवासा करून नाहीतर संभाजीनगरच्या बाजूनं. तेवढा वेळ धरा. मासळीचे ढाबे पुण्याच्या हमरस्त्याला लागून आहेत, रविवारी दुपारी गर्दी असते. बाराच्या आत पोचा.

वैजापूरचा_वारकरी
बेत छान. फक्त मासळी खाऊन आलात की हात-तोंड नीट धुवून, मग बेटाकडं चला. काही माळकरी बोलत नाहीत, पण त्यांना चालत नाही. शक्य असेल तर क्रम उलटा करा. आधी बेट, मग परतीच्या वाटेवर टोका. सासूबाई न सांगता खूश होतील.

लातूरची_लेक
अरे हो! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग रविवारी पहाटे निघून आधी बेट, दुपारी टोका. नवऱ्याला आत्ताच सांगते.

मिरचीठेचा
एवढा मोठा धागा आणि संभाजीनगरातल्या नान-खलियाचं नावही नाही? काठानं फिरताय, शहर जवळच. तुघलकाच्या काळात दौलताबादला आलेल्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला अशी आख्यायिका. खरी-खोटी देव जाणे, पण तंदुरातला तो पिवळा जाडजूड नान आणि पातळ, झणझणीत मटणाचा खलिया यांना तोड नाही. वर इमरती.

गड्याराजा_बीड
भैय्या, सासूबाई माळकरी आहेत असं शीर्षकातच लिहिलंय.

मिरचीठेचा
इमरती तरी चालेल ना!

वैजापूरचा_वारकरी
इमरती चालते. दोन जास्त चालतात.

उदगीरचा_पक्षीवेडा
उशिरा आलो. एक अवांतर: काठावर जेवलात की पत्रावळी, बाटल्या आणि काटे पाण्यात टाकू नका. कुत्री जमतात आणि दलदलीतले पक्षी उठतात. गेल्या थंडीत एका सुंदर कोपऱ्यात थर्माकोलच्या ताटल्या तरंगत होत्या, कॅमेरा न काढताच परत आलो.

पाण्याकाठचा
आमच्या जाळ्यातही त्याच ताटल्या येतात. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

नांदेडचा_नातू
एक शंका. आजोबांना मरळ फार आवडते, आमच्याकडं कधीमधीच मिळते. काठावरून जिवंत घेऊन एसटीनं नांदेडपर्यंत आणता येईल का?

पाण्याकाठचा
येईल. मरळ हवेतला श्वास घेते, ओल्या पोत्यात कितीतरी तास जिवंत राहते. पोतं मधे मधे भिजवत राहा, उन्हाच्या बाजूला ठेवू नका, आणि तोंड सुतळीनं घट्ट बांधा.

गड्याराजा_बीड
आणि कंडक्टरला सांगू नका. सीटखाली पोतं हललं की झोपेचं सोंग घ्यायचं.